गायक आला, मग ट्रम्पेटनं काय वाजवायचं?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या काळापासून चालत आलेला चौदा जणांचा बँड आहे: चार ट्रम्पेट, तीन क्लॅरिनेट, दोन युफोनियम, एक सॅक्सोफोन, दोन साइड ड्रम, एक मोठा ढोल, एक झांज. सुपारी द्यायला येणारा माणूस आधी विचारतो, गायक कोण? मग विचारतो, गाडी (स्पीकरचे डबे बसवलेली) आहे का, पॅड (तालवाद्यांचे आवाज देणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आहे का, बेस किती? उत्तर ऐकून निघून जातो. तर पितळ, म्हणजे ही फुंकवाद्यं, विकून, कर्ज काढून गाडी, कॅसिओ आणि पॅड घ्यावं का? आणि गाणी यूट्यूबवर टाकली तर पैसे येतील का?

प्रश्न पितळ ठेवायचं की विकायचं असा मांडला, की उत्तर चुकणारच. खरी अडचण अशी आहे की तुमच्या दहा फुंकवाद्यांपैकी बहुतेकांचं काम गायकानं घेतलंय आणि त्यांना नवं काम कुणी दिलेलं नाही. काम नसलेली वाद्यं खर्चच वाटणार.

आधी जुनं काम काय होतं ते बघा. चित्रपटगीताची बांधणी ठरलेली: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, मधलं म्युझिक, अंतरा, पुन्हा मुखडा. मुखडा-अंतरा गायकाचा, मधली जागा वाद्यांची. १९३१ साली बोलपट आला आणि पुढं हीच गाणी लग्नाच्या बँडचा मुख्य माल झाली. पण बँडमध्ये गायक नव्हता, माइक नव्हता. म्हणून ट्रम्पेट-क्लॅरिनेटनं गायकाची जागा घेतली आणि आठ-दहा जण एकाच चालीवर तुटून पडले. त्यात गोडव्याचा हिशोब नव्हता, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचला पाहिजे एवढाच होता. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, मग सीडी, मग मोबाइल. आता मूळ गाणं प्रत्येकाच्या खिशात आहे. चाल ऐकवण्यासाठी कुणी पैसे देत नाही. लोक पैसे देतात ते समोर उभ्या असलेल्या गायकाला, त्याच्या तोंडून आपल्या घराचं नाव ऐकण्याला, छातीत बसणाऱ्या ठेक्याला आणि अहिराणी गाणं लागल्यावर नाचता येण्याला.

गायक घेतल्यावरही चारही ट्रम्पेट त्याच्याच ओळीवर तीच चाल वाजवत राहिले, तर शब्द कळत नाहीत. ऐकणारा म्हणतो, पितळ नको. खरं तर त्याला पितळ नको नसतं, शब्द हवे असतात.

वाद्यवार बोलतो. तुमच्या भागात सुपाऱ्या कुठल्या गावांतून येतात, किती मिरवणुका गाडी न शिरणाऱ्या गल्लीतून जातात, आणि तुमच्या मास्तरांना गाण्यातल्या जागा बांधता येतात का, यावर पुढचं थोडं बदलेल.

ट्रम्पेट दोन पुरे. दोन ठेवायचे ते आवाज दुप्पट व्हावा म्हणून नाही, ओठ थकतात म्हणून. सलग अर्धा-पाऊण तास वरच्या पट्टीत वाजवलं की चांगल्या वादकाचाही सूर उतरू लागतो आणि मिरवणूक तीन-तीन तास चालते. एकानं एक गाणं उचलायचं, दुसऱ्यानं पुढचं. दोघांनी मिळून वाजवायचं ते फक्त सुरुवातीचं म्युझिक आणि शेवटचा मुखडा. गायक गात असताना ट्रम्पेट तोंडावरून खाली. ओळ संपते, गायक श्वास घेतो, तिथं दोन मात्रांचं उत्तर, बस. हे 'गप्प बसणं' शिकवायला सगळ्यात जास्त दिवस लागतात, कारण जुन्या वादकाला न वाजवणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो.

क्लॅरिनेट एक मात्र नक्की ठेवा आणि तो तुमच्यातल्या सर्वात सुरेल माणसाच्या हातात द्या. भोकं अर्धी-मुर्धी झाकून त्यावर मींड काढता येते, ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हवर ती तशी निघत नाही. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाईची (खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीची) गाणी सरकत्या सुरांवर उभी असतात, तिथं सनईच्या सगळ्यात जवळ जाणारं बँडमधलं वाद्य हेच. हळदीला, मांडवात, जिथं आवाज कमी ठेवायचा असतो तिथं गायक, क्लॅरिनेट आणि ढोलकी एवढ्यावर तासभर निघतो. एक सावधगिरी: सॅक्सोफोनवाला आहेच, तोच क्लॅरिनेटही वाजवेल असं धरून चालू नका. सॅक्सवर जोरात फुंकलं की सूर एका सप्तकानं चढतो, क्लॅरिनेटवर तो बाराव्या सुरावर जातो. त्यामुळं वरच्या पट्टीची बोटं वेगळी, सवय वेगळी.

सॅक्सोफोन आहे तसाच राहू द्या. मधल्या म्युझिकला आणि नवरी निघतानाच्या संथ गाण्याला त्याच्याइतकं माइकवर खुलणारं दुसरं वाद्य तुमच्याकडं नाही.

युफोनियम सगळे आधी विकतात. मी एक ठेवायला सांगेन. आजवर तो चालच खालच्या सप्तकात वाजवत आला, ते थांबवा. त्याला षड्ज-पंचमाची चाल द्या, समेवर षड्ज, मधल्या जोरावर पंचम, अंतऱ्यात सूर बदलेल तसा बदल. गाडीवर बेसचे डबे वाजत असताना त्याची गरज कमी असते हे मान्य. पण नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो तेव्हा गावातली जुनी गल्ली सहा-सात फुटांची असते, गाडी कोपऱ्यावर थांबते. तिथं खालचा सूर देणारं, चालता येणारं वाद्य तेवढंच.

तालाकडं या. रोलंड कंपनीचा पहिला ऑक्टापॅड १९८५ चा. आठ पॅड, प्रत्येकावर हवा तो आवाज. ढोलकी, ताशा, टाळी, झांज, सगळं एका माणसाच्या हातात येतं, म्हणून मालकाला तो आवडतो. त्यात जे मिळत नाही तेही लक्षात घ्या. साइड ड्रमचा सलग रोल पॅडवर मशीनसारखा ऐकू येतो, कारण दर ठोक्याला तोच ध्वनिमुद्रित आवाज उठतो. संबळाचा घुमणारा, खाली-वर सरकणारा आवाज पॅडमध्ये एकाच उंचीवर गोठलेला असतो. कानबाईच्या विसर्जनाला किंवा देवीच्या कार्यक्रमाला पॅडवरचा संबळ लावण्यापेक्षा त्या दिवसापुरते खरे संबळवाले सोबत घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना फरक लगेच कळतो आणि पुढच्या वर्षीची सुपारी बऱ्याचदा तीच माणसं ठरवतात. म्हणजे पॅड घ्या, पण मोठा ढोल आणि एक साइड ड्रम काढू नका. पॅडनं रंग भरायचा, ढोलानं चाल धरायची.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक नवे-जुने मिळून बांधलेले बँड आपटतात ती: पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते. पांढरी १ म्हणजे कॅसिओवरच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, काळी ५ म्हणजे पाचवी काळी, असं पुढं वाचा.

तुमचा ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियम बी-फ्लॅटचे असणार. ट्रम्पेटवर पांढरी १ वाजवली की प्रत्यक्षात कॅसिओवरची काळी ५ ऐकू येते. म्हणून कॅसिओवाला ज्या पट्टीत आहे, त्याच्या एक पूर्ण स्वर वर ट्रम्पेटनं बोटं ठेवायची. गायक काळी २ मध्ये गात असेल तर ट्रम्पेट-क्लॅरिनेटला पांढरी ४ येते, आल्टो सॅक्सला तर थेट पांढरी १. सगळ्यांना सोपं. पुरुष गायकाला शक्यतो इथं आणा. गायिकेला काळी ४ किंवा काळी ५ मानवत असेल तरी ट्रम्पेटला त्रास नाही, अनुक्रमे काळी ५ आणि पांढरी १ येते. त्रास होतो पांढरी ३ आणि पांढरी ७ मध्ये. ट्रम्पेटला काळी ३ आणि काळी १ येते, बोटं अडखळतात, आणि तीनही व्हॉल्व्ह एकदम दाबून निघणारा खालचा सूर मुळातच चढा असतो.

आणि कॅसिओवरचं ट्रान्सपोजचं बटण. गायकाचा घसा बसला की कॅसिओवाला ते एकदा खाली दाबतो, स्वतः त्याच पट्ट्यांवर वाजवत राहतो, आणि मागं उभ्या असलेल्या ट्रम्पेटवाल्याला पत्ताच नसतो. गाण्याच्या पहिल्या चार मात्रांत सगळी वरात वळून बघते. नियम करा: पट्टी बदलायची तर दोन गाण्यांच्या मध्ये, मास्तरांनी बोटांच्या खुणेनं सांगून. प्रत्येक गाण्याची पट्टी वहीत लिहा, कॅसिओची एका रकान्यात, ट्रम्पेटची दुसऱ्यात.

पट्टी जुळली तरी आपल्याकडचा उन्हाळा आहेच. भुसावळ-जळगावात लग्नसराईत पारा ४४-४५ वर असतो. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जोरात धावतो आणि फुंकवाद्याचा सूर चढतो. २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं तर हिशोबानं हा फरक अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा जास्तच भरतो. वाद्यातली हवा श्वासानंही तापलेली असते, त्यामुळं प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी पडतो, पण कानाला खुपेल इतका राहतो. कॅसिओ मात्र ऊन असो की थंडी, जागचा हलत नाही. जुन्या बँडला याचा त्रास नव्हता, सगळे मिळूनच चढत होते.

उपाय असा. सावलीत, घरात सूर मिळवू नका. जिथं वाजवायचं तिथं दहा मिनिटं वाजवून वाद्य तापू द्या, मग मिळवा. ट्रम्पेटची मोठी स्लाइड (सूर मिळवायची सरकती नळी) १ सेंटिमीटर ओढली की नळी २ सेंटिमीटरनं लांबते आणि सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाव हिश्शानं उतरतो. क्लॅरिनेटचा बॅरल (तोंडाजवळचा छोटा जोड) १-२ मिलिमीटरपेक्षा जास्त ओढू नका, कारण मधले काही सूर बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात आणि वाद्य आतल्या आतच बेसूर होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर कॅसिओचं फाइन ट्यूनिंग ४४० हर्ट्झवरून ४४३ ते ४४५ पर्यंत चढवा. दुपारी चढवलेलं रात्री उतरवायला विसरू नका. लाकडी क्लॅरिनेट या कोरड्या उन्हात तडकते, गाडीच्या टपावर तर ठेवूच नका. मिरवणुकीला एबोनाइटची किंवा प्लास्टिकची चालवा.

दुसरा घोटाळा अंतराचा. गाडी मागं, वादक पुढं. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. गाडीपासून १५ मीटर पुढं चालणाऱ्या ढोलवाल्याला पॅडचा ठोका ४० ते ४५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, तो त्यावर ठोका देतो, आणि तो परत गाडीवरच्या गायकापर्यंत यायला तेवढाच वेळ. मिनिटाला १३० ठोक्यांच्या लयीत मात्रेचा पाव भाग ११५ मिलिसेकंदांचा. म्हणजे जवळजवळ पाऊण पाव-मात्रेची घसरण, कुणाचाही हात चुकलेला नसताना. भांडणं मात्र ‘तू मागं ओढतोस’ अशीच होतात. ढोल आणि साइड ड्रम गाडीपासून पाच मीटरच्या आत ठेवा, झांज आणि ट्रम्पेट पुढं गेले तरी चालेल. गायकाला डब्यांच्या तोंडासमोर चालू देऊ नका, माइक शिट्टी मारणारच. त्याची जागा डब्यांच्या मागं किंवा बाजूला.

माइकचं एक वाक्यात: ट्रम्पेटला माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरका, वीतभर अंतरावर, आणि क्लॅरिनेटला खालच्या तोंडाशी नाही तर भोकांच्या बाजूनं, कारण तिचा बहुतेक आवाज भोकांतून येतो.

वीज. ५ केव्हीएचा जनरेटर प्रत्यक्षात ४ किलोवॅटच देतो. अ‍ॅम्प्लिफायरचा सरासरी भार त्याच्या नावावरच्या वॅटपेक्षा पुष्कळ कमी असतो, पण बेसच्या प्रत्येक दणक्याला क्षणभर खूप ओढतो, व्होल्टेज पडतं, आणि कॅसिओ बंद होऊन पुन्हा चालू होतो. भर गाण्यात. म्हणून कॅसिओ, पॅड आणि मिक्सर एका छोट्या यूपीएसवर वेगळे ठेवा. या तिघांना वीज फार लागत नाही, संगणकाचा साधा यूपीएस पुरतो. कॅसिओपासून मिक्सर लांब असेल तर साधी गिटारची वायर ओढू नका, पाच-सहा मीटरच्या पुढं घरघर सुरू होते. डीआय बॉक्स (सिग्नल लांब नेण्याजोगा करणारी छोटी डबी) लावून एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची, वायर वापरा.

आता कर्जाचा हिशोब, समजा धरून. ८ लाख, १२ टक्के, ५ वर्षं. हप्ता सुमारे १७,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख १३ हजारांच्या वर. वर्षात ४० तारखा लागल्या तर तारखेमागं ५,३०० च्या थोडं वर, २५ च लागल्या तर साडेआठ हजार. उलट बाजूला, माणशी हजार रुपये धरून पाच वादक कमी केले तर तारखेमागं वाचले ५ हजार. म्हणजे ४० तारखा लागूनही माणसं काढून वाचवलेलं सगळं हप्त्यात गेलं, आणि गायकाचा, डिझेलचा, गाडी चालवणाऱ्याचा खर्च वेगळाच. शिवाय हप्ता बारा महिने, तारखा मात्र तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत. मधल्या चातुर्मासात कानबाई, गणपती, नवरात्र एवढाच आधार. म्हणून पहिल्या हंगामात गाडी भाड्यानं घ्या. ती घेऊन तारखा खरंच वाढतात का ते बघून मग कर्जाचं बोला. पिकअपवर सांगाडा चढवून डबे बसवायचे असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल चालत नाही, आणि विमा नाकारला जाण्याची वेळ अपघातानंतर येते, आधी नाही.

बेसमध्ये डीजेशी स्पर्धा करू नका. ती हरणारी स्पर्धा आहे आणि महागडीही. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. आपल्याकडं समज आहे की हे डीजेसाठी, बँडला लागू नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर आवाज करणारी वाद्यंही रात्रीच्या बंदीत येतात. सुपारी घेतानाच वरात किती वाजता संपवायची ते कागदावर लिहून घ्या. पण डब्यांवर बंदोबस्त कडक झाला की चालत वाजवणारा, छोट्या सिस्टिमवर भागवणारा बँडच उरतो, हे तुमच्या हिशोबात धरा.

यूट्यूबचं. जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणी लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज. त्यानंतरही तुमचे व्हिडिओ चित्रपटगीतांचे असतील तर चाल मालकाची असते, दावा येतो आणि पैसे दावेदाराकडं जातात. लग्नाच्या मिरवणुकीत ते गाणं वाजवायला कायद्याची आडकाठी नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि लग्नाची मिरवणूक, लग्नाशी जोडलेले इतर समारंभ त्यात धरलेत. पण ती सूट वाजवण्यापुरती. त्याचं चित्रीकरण नेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिकीट लावून केलेला ऑर्केस्ट्राही वेगळा. नेटवरून उतरवलेला तयार ट्रॅक लावून गायकाला उभं करू नका, तो दुसऱ्याचा ध्वनिमुद्रित माल आहे. त्यापेक्षा कॅसिओवाल्याकडून स्वतःचं म्युझिक बांधून घ्या.

पैसा आहे तो स्वतःच्या अहिराणी गाण्यात, आणि तोही लेखी असेल तरच. कवीला, चाल लावणाऱ्याला हजार-दोन हजार देऊन ‘गाणं आमचं’ म्हणण्याची रीत आहे. कायद्यात हक्क देणं लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला ध्वनिमुद्रणाच्या वापरावरच्या मानधनातला समान वाटा कायमचा विकताच येत नाही. हे तुम्ही कुणाकडून गाणं घेताना लागू आहे, तसंच एखाद्या कंपनीला तुमचं गाणं देतानाही, म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. कानबाईची, आखाजीची पारंपरिक गाणी कुणाच्या मालकीची नाहीत, पण त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण असू शकतं. तुम्ही स्वतः वाजवलेल्या पारंपरिक चालीवर चुकीचा दावा आला तर घाबरू नका, हरकत नोंदवता येते.

तोवर चॅनलकडं सुपारी मिळवण्याचं साधन म्हणून बघा. मोबाइल बेसच्या डब्यासमोर धरून काढलेला व्हिडिओ फाटका ऐकू येतो आणि गिऱ्हाईक घालवतो. मिक्सरमधून थेट आवाज घ्या, गर्दीचा थोडा वेगळ्या माइकवर, आणि नंतर दोन्ही मिसळा.

तुमच्या चौदा जणांपुरतं सांगायचं तर: दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, एक सॅक्स, एक युफोनियम, ढोल, एक साइड ड्रम, झांज, हे आठ जुने. त्यात गायक, कॅसिओ, पॅड. उरलेल्या सहांपैकी कुणाचा गळा बरा आहे आणि कुणाचा हात पॅडवर बसतो ते आधी बघा, बाहेरून माणूस आणण्याआधी. दाट तिथीला दोन सुपाऱ्या एकाच दिवशी आल्या तर बाकीच्यांना घेऊन जुन्या पद्धतीची छोटी पार्टी उभी राहते, त्यासाठी जादा ट्रम्पेट आणि दुसरा युफोनियम लगेच विकू नका. भंगाराच्या भावात जे मिळेल त्यापेक्षा मेरठच्या जली कोठीहून (बँडची वाद्यं बनवणाऱ्या वस्तीतून) नवं आणायला कितीतरी जास्त लागतं. खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी चांगला वायरलेस माइक, मग कॅसिओ, मग पॅड, आणि सर्वात शेवटी डबे.